खाऱ्या पाण्याच्या पेटींतील चढलेला सामू

शीव कोळीवाड्याचें नांव उपाहारगृहांच्या फलकांवर तळलेल्या कोळंबीशीं कायमचें जोडलें गेलें आहे. परंतु मासा तळण्यापेक्षां तो काचेआड जिवंत राखणें पुष्कळ अवघड. १९५१ सालीं मुंबईच्या समुद्रकांठीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि काचेमागचा रंगीबेरंगी समुद्र मुंबईकरांनीं डोळे भरून पाहिला. तसा वीतभर समुद्र आपल्याहि घरीं असावा, ही इच्छा पुरी करूं पाहणाऱ्यांना ज्या अडचणी येतात, त्यांपैकीं एकीचा विचार आज करावयाचा आहे.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, शीव कोळीवाड्यांतील एका गृहस्थानें आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी मांडली आहे. दगड व वाळू वजा जातां तींत सुमारें १५० लिटर खारें पाणी आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि थोडीं पोंवळीं एवढाच तींतला परिवार. वैशाखांतील एका सायंकाळीं पाणी दुधाळ दिसूं लागलें, मासे भराभर कल्ले हलवूं लागले, आणि मापून पाहतां पाण्याचा सामू ८.७ भरला.

सामू हा शब्द शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. शाळेंत त्यालाच पीएच म्हणतात. कोपनहेगन येथील सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञानें १९०९ सालीं हें माप रूढ केलें. सात हा मध्य; त्याखालीं आम्ल, त्यावर अल्कली. समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू आज सरासरी ८.१ च्या आसपास असतो, आणि पेटींत तो ८.० ते ८.४ असला म्हणजे चिंता नाहीं. ८.४ आणि ८.७ यांतील अंतर दिसावयास किरकोळ. पण या मापांत तीन दशांश म्हणजे दुपटीचा फरक होय. माशांच्या उत्सर्गांतून पाण्यांत अमोनिया येतो. सामू जसजसा चढतो तसतसा त्याचा अधिकाधिक भाग विषारी रूप धारण करतो. सकाळीं निरुपद्रवी असलेला अंश सायंकाळीं माशांच्या जिवावर बेतूं शकतो, तो असा.

अशा वेळीं घाबरलेल्या माणसाचा हात प्रथम आम्लाच्या बाटलीकडे जातो. तो आवरावा. आधीं मापाचीच परीक्षा घ्यावी, कारण जुनें झालेलें रसायन किंवा ठरीव द्रावणांत न पडताळलेली विद्युत्-मापणी खुशाल खोटें सांगते. माप खरें ठरलें, तर पेलाभर पाणी काढून तें खिडकीबाहेर ठेवावें व त्यांत तासभर हवेचे बुडबुडे सोडावे. सामू खालीं आला, तर पाण्याला कर्बवायूची, म्हणजे कार्बन डायॉक्साइडची उणीव आहे असें समजावें. न आला, तर पाण्यांत क्षारतेचीं चूर्णें गरजेपेक्षां अधिक पडलीं आहेत.

आपल्या गृहस्थाचें पाणी तासाभरांत उतरलें. मग कर्बवायु गेला कुठें? शेवाळ हा त्याचा नेहमींचा ग्राहक. ओहोटीच्या वेळीं खडकांत अडकलेल्या हिरव्या डबक्यांत भर उन्हांत सामू असाच चढतो व रात्रीं उतरतो. पेटींतहि सकाळ-सायंकाळच्या मापांत थोडें अंतर पडावयाचेंच. पण येथें शेवाळ बेताचें होतें. शिवाय दोन खोल्यांत सात माणसें वावरत असतां त्यांच्या श्वासानें हवेंत कर्बवायु वाढतो आणि पेटीचा सामू उलट खालीं राहतो. दाटीच्या घरांतील नेहमींची तक्रार उतरलेल्या सामूची असते. तो तेथें चढला, तर चुन्याकडे पाहावें.

पोंवळ्यांना सांगाडा बांधण्यास कॅल्शियम लागतें. त्यासाठीं शुद्ध चुन्याची निवळी पेटींत थेंबथेंब सोडतात. (पानाचा चुना या कामीं वर्ज्य.) निवळींत नळीनें फुंकर घातली कीं ती पांढरी होते, हा शाळेंतला प्रयोग सर्वांना आठवत असेल. निवळी कर्बवायु गिळते. पेटीचें पाणी दुधाळ झालें तें याच जातीच्या पांढऱ्या सांक्यानें. या घरीं आटलेल्या पाण्याची भरती आपोआप करणाऱ्या तरंगत्या झडपेला निवळीचाच डबा जोडलेला होता. उन्हाळा वाढला म्हणून पेटीवर पंखा लावला. पंख्यानें पाणी थंड केलें, पण तें दुप्पट आटूं लागलें, आणि जितकें आटलें तितकी निवळी आंत गेली. पंख्यावर संशय कोण घेणार!

उपाय आतां सोपा. निवळी ताबडतोब बंद करून डब्यांत साधें शुद्ध पाणी भरावें, खिडक्या उघडाव्या, हवेचा पंप जोरांत चालवावा आणि अमोनिया मापावा. मासे व्याकुळ असतील, तर साखर, मीठ, लिंबू यांपैकीं कांहींहि नसलेलें साधें सोडावॉटर उपयोगी पडतें, कारण त्यांत विरघळलेला कर्बवायूच असतो. लिटरामागें सुमारें दीड मिलिलिटर घातलें असतां सामू अदमासें ०.३ नें उतरतो; म्हणजे १५० लिटरांस २२५ मिलिलिटर पुरे. तें माशांपासून दूर, पंपाच्या प्रवाहांत, थोडें थोडें घालावें व मधून मधून मापावें. एकदम उतरलेला सामूहि मासे सोसत नाहींत. आम्ल ओतलें तर माप खालीं येतें खरें, पण पाण्याची क्षारता, म्हणजे त्याची गंगाजळीच खर्ची पडते. शिर्का घातल्यास तो जंतूंचें खाद्य होतो व ते पाण्यांतला प्राणवायु ओढून घेतात.

हौसेखातर सज्जांत सिमेंटचें टांकें बांधणारांनींहि हें ध्यानांत ठेवावें, कारण नव्या सिमेंटमधून चुना पाझरतो. मासे सोडण्यापूर्वीं कित्येक आठवडे तें भरून व उपसून काढलें पाहिजे.

सामू ८.३ वर येऊन दोन दिवस तेथें टिकला, म्हणजे निवळी पुन्हां सुरू करण्यास हरकत नाहीं. मात्र ती झडपेच्या डब्यांत न घालतां निराळ्या बाटलींतून, मोजून, रात्रीं सोडावी. त्या वेळीं सामू स्वभावतः उतरलेला असतो. पंख्यानें आटवलेलें पाणी साध्या पाण्यानेंच भरून काढावें. आणि पंपाच्या पात्यांवर बसलेलें चुन्याचें पुट त्याच आठवड्यांत खरडून टाकावें, नाहीं तर ऐन उन्हाळ्यांत पंप अडून बसेल.