कळलावीला कुंडी द्या



पत्रिकेत विषय छापलाय ‘बागेतली देशी फुलझाडं’. देशी-विदेशी वाद तुम्हाला पाठ आहे, तेव्हा मी थेट कळलावीवर येतो. (हशा) हसा! संयोजकांनाही ठाऊक होतं, हा माणूस तिथंच जाणार.

पावसाळ्यात घाटात, कुंपणाच्या कडेला तुम्ही ती पाहिलेली आहे. कोकणात कितीतरी घरी गौरीच्या पूजेत असते. पण जवळ जाऊन बघा. पानाचं टोक लांबत जाऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारची काटकी पकडतं. वेल चढते ती या टोकांवर. फूल खाली तोंड करून उमलतं, पण सहाही पाकळ्या उलट वर वळलेल्या, कडा नागमोडी. पुंकेसर आडवे पसरलेले. त्यामुळे घिरट्या घालणाऱ्या फुलपाखराच्या पंखांना पराग घासून लागतात. फूल आधी हिरवट-पिवळं, मग केशरी, मग लालभडक. एकाच वेलीवर तिन्ही रंग!

मागून कुणीतरी ‘विषारी’ म्हणालं. आहेच. कंद रताळं समजून खाल्ल्यानं माणसं दगावलीत. पण कण्हेर काय अमृत आहे? ती महामार्गाच्या दुभाजकावर चालते! आणि दिवाणखान्यातली डिफेनबेकिया चावून बघा. म्हणजे, बघू नका. (हशा)

शिवाय त्या विषाची, कॉल्चिसीनची, करामत ऐका. गाऊटवर वैद्यकात ते अगदी मोजून देतात. १९३७ साली कळलं की त्यानं वनस्पतीच्या पेशीतली गुणसूत्रं दुप्पट होतात. जपानच्या हितोशी किहारांनी ते कलिंगडावर वापरलं. साध्या कलिंगडात गुणसूत्रं २२. ती केली ४४. या ४४वाल्याचा २२वाल्याशी संकर केला, की ३३. आता ३३ची सारखी वाटणी होणार कशी? बीच धरत नाही! तुम्ही बिनबियांचं म्हणून जे कलिंगड... चिठ्ठी आली. पाच मिनिटं. कलिंगड राहू द्या.

लावायचं कसं तेवढं सांगतो. कंद दोन फाट्यांचा असतो आणि डोळा फाट्याच्या टोकाला. टोक मोडलं की तो फाटा वाया गेला. हातमोजे घालून, खोल कुंडीत, कंद आडवा ठेवा. निचरा चांगला हवा. आता मे संपत आलाय, हीच वेळ. पावसाळ्यानंतर वेल वाळली की मेली म्हणून फेकू नका, कंद जिवंत असतो. पाणी तोडा, कुंडी कोपऱ्यात सरकवा, पुढच्या पावसात ती आपली आपण उठते. एवढं कमी मागणारं फुलझाड मला दुसरं दाखवा.

घरात रांगतं मूल किंवा सगळं कुरतडणारं कुत्रं असेल, त्यांनी थांबावं. बाकीच्यांना एकच विनंती : डोंगरातले कंद उपटून आणू नका. रोपवाटिकेत मागा. नाही म्हणाले, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन मागा.