मधुमेही प्रौढांची सहा आठवड्यांची शाळा
(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



दवाखान्यातील एक दृश्य आज बहुतेक घरांना परिचित झाले आहे. पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाच्या हाती रक्ततपासणीचा कागद येतो. साखर वाढलेली असते. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि निरोप देताना सांगतात, "गोड बंद, बटाटा बंद, रोज चालत जा." बाहेर रुग्णांची रांग असते. गृहस्थ मान डोलावून घरी येतो. बटाटा त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिजलेला नाही. चहातील साखर तो त्याच दिवशी सोडतो. परंतु सकाळचे खाखरे, दुपारच्या चार पोळ्या आणि वरण-भात, सूर्यास्तापूर्वी पुन्हा पोळ्या आणि कच्च्या केळ्याची भाजी हा क्रम तसाच चालू राहतो. तीन महिन्यांनी साखर जिथल्या तिथेच! "गोड तर सोडले, मग साखर येते कोठून?" असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे सावकाश उत्तर देण्यास कोणापाशी वेळ नाही. आजच्या विषयाचे मूळ या अनुत्तरित प्रश्नात आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या रुग्णांना प्रत्येकी अर्धा तास समजावून सांगणे कोणत्याही वैद्यकीय व्यवस्थेस शक्य नाही. म्हणूनच एका आहारतज्ज्ञाने एकाच वेळी अनेकांना शिकवावे, ही कल्पना महत्त्वाची ठरते.

लँकेशायरमधील प्रयोग

इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात बर्नले नावाचे गाव आहे. एकेकाळी सुती कापडाच्या मागांसाठी ते जगभर प्रसिद्ध होते. गिरण्या बंद पडल्या, श्रमाची सवय सुटली आणि मधुमेहासारखे विकार मागे राहिले. या भागात ट्रूडी डीकिन या आहारतज्ज्ञ विदुषीने 'एक्स-पर्ट' नावाचा शिक्षणक्रम आखला. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे प्रौढ मधुमेही एकत्र बसत. पहिल्या आठवड्यात मधुमेह म्हणजे काय, दुसऱ्यात वजनाचे नियमन, तिसऱ्यात पिष्टमय पदार्थांची ओळख. चौथ्या आठवड्यात सर्व मंडळी प्रत्यक्ष दुकानात जाऊन वेष्टनांवरील मजकूर वाचण्यास शिकत. पाचव्या आठवड्यात गुंतागुंती व त्यांचा प्रतिबंध आणि सहाव्यात खेळाच्या रूपाने उजळणी. प्रत्येकाला स्वतःच्या तपासण्यांचे आकडे समजावून दिले जात आणि पुढील आठवड्याचे लहानसे उद्दिष्ट ज्याचे त्यानेच ठरवायचे असे.

या उपक्रमाची काटेकोर परीक्षाही झाली. ३१४ मधुमेहींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटाने वर्गात शिक्षण घेतले. दुसऱ्यास नेहमीप्रमाणे एकेकट्याने सल्ला मिळाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार चौदा महिन्यांनंतर वर्गातील मंडळींचे एचबीए१सी, म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचे निदर्शक, सरासरी ०.६ ने उतरले होते; दुसऱ्या गटाचे ०.१ ने वाढले होते. तत्पूर्वी २००५ मध्ये अशा ११ अभ्यासांचा आणि त्यांतील १५३२ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. वर्गात शिकणाऱ्या दर पाच रुग्णांमागे एकाची औषधे कमी करता येतात, असे त्यात आढळले.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इंग्लंडमध्येच 'डेस्मंड' नावाचा सहा तासांचा शिक्षणक्रम नव्याने निदान झालेल्या ८२४ रुग्णांवर तपासला गेला. २००८ च्या अहवालात वजन अधिक घटल्याचे व आजाराची समज वाढल्याचे दिसले, पण एचबीए१सीमध्ये दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तीन वर्षांनंतर तर शारीरिक लाभ टिकलेले दिसले नाहीत. याचा बोध स्पष्ट आहे. एकदाच शिकवून कर्तव्य संपत नाही. स्वाध्याय जसा नित्य करावा लागतो, तशीच या ज्ञानाचीही पुनरावृत्ती व्हावी लागते.

वर्गात घडते काय?

कुशल आहारतज्ज्ञ व्याख्यान देत नाही, प्रश्न विचारते. समोर पोळी, खाखरा, भात आणि साखरेची वाटी मांडते. एका मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, म्हणजे वजनाने तीन-चार चमचे साखरेइतके, हे ती डोळ्यांना दाखवते. पोळीतील कोंड्यामुळे ती साखर रक्तात सावकाश उतरते. मैद्याची तशी नाही, हेही सांगते. खाखरा म्हणजे कुरकुरीत झालेली पोळीच, हे ध्यानात येताच वर्गात हशा पिकतो आणि पूर्वीच्या गृहस्थाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पोळी वर्ज्य करण्याचे कारण उरत नाही. चारांच्या दोन कराव्यात, ताटात मूग-मटकीची उसळ आणि दुधी, दोडका, काकडी वाढवावी, एवढाच बदल पुरतो.

एकट्या रुग्णाला संकोच असतो. लग्नाच्या पंगतीत आग्रह कसा मोडावा, साखर वाढल्याचे व्याह्यांपासून का लपवले, असे प्रश्न डॉक्टरांपुढे कोणी काढत नाही. वर्गात मात्र शेजारचा स्वतःहून सांगतो, "माझेही असेच झाले होते." त्या क्षणी आजाराची लाज निम्मी कमी होते. घरी स्वयंपाक करणारी व्यक्तीही वर्गास आली, तर उरलेले कामही सोपे होते. कारण पथ्य अखेर चुलीपाशीच पाळले जाते.

तप आणि औषध

जैन समाजासाठी या शिक्षणात एका प्रकरणाची भर अनिवार्य आहे. चातुर्मासात उपवास, आयंबिल, एकासणे, पर्युषणात अठ्ठाई यांची परंपरा आहे. निरोगी व्यक्तीसाठी जे तप आहे, ते ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यासाठी संकट ठरू शकते. औषध साखर खाली आणत राहते आणि पोटात काहीच नसते. घाम, कंप, छातीत धडधड, मग भ्रम. वेळीच उपाय न झाल्यास शुद्ध हरपते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या चालू असतील, तर प्रदीर्घ उपवासात रक्तातील आम्लता धोकादायक रीतीने वाढू शकते. केवळ चौविहाराचाच हिशेब करावा. हिवाळ्यात सायंकाळी सहाच्या आत भोजन आणि सकाळी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी, म्हणजे जवळजवळ चौदा तास अन्न-पाण्याविना जातात. रात्रीचे इन्सुलिन घेणाऱ्याने हा हिशेब डॉक्टरांना सांगितलेला असतो काय? बहुधा नसतो. डॉक्टरांनी विचारलेले नसते आणि रुग्णाला ते सांगण्याजोगे वाटत नाही.

अधिक गंभीर गोष्ट पुढची आहे. साखर ७० च्या खाली उतरली असता १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास पुन्हा घ्यावी, हा सर्वमान्य उपाय आहे. परंतु व्रतभंगाच्या भयाने तपस्वी तो घेत नाही आणि घरचेही हात आखडतात. येथे शास्त्राचेच स्मरण करावे. प्रत्याख्यानाच्या पाठात आगारांची योजना पूर्वाचार्यांनीच करून ठेवली आहे. 'सर्वसमाधिप्रत्यय' हा आगार तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून घेतलेल्या औषधासाठीच आहे. ज्या धर्माने सूक्ष्म जीवाच्याही रक्षणाचा विचार केला, तो तपस्व्याच्या प्राणाविषयी उदासीन कसा असेल? याविषयी गुरुमहाराजांचे मार्गदर्शन पचक्खाण घेण्यापूर्वीच घ्यावे. संकटाच्या रात्री विचारण्यास अवसर नसतो.

शिवाय बाह्य तपाचे प्रकार सहा आहेत. अनशन हा त्यांतील केवळ पहिला. भुकेपेक्षा कमी खाणे म्हणजे ऊनोदरी, पदार्थांची संख्या मर्यादित ठेवणे म्हणजे वृत्तिसंक्षेप आणि घी, तेल, गूळ-साखर आदींचा त्याग म्हणजे रसपरित्याग. या तिन्हींचा आहारतज्ज्ञांच्या उपदेशाशी किती निकटचा संबंध आहे, हे वेगळे सांगावयास नको. ज्यास अनशन झेपत नाही, त्याला हीन लेखू नये. लाडवाने भरलेल्या ताटासमोर वर्षभर ऊनोदरी पाळणारा मधुमेही हाही तपस्वीच आहे.

एक विनंती

हे सारे करण्यास मोठा निधी लागत नाही. सभागृह आहे, भोजनशाळा आहे, रविवार आहेत. पात्रताधारक आहारतज्ज्ञ, शक्य तर जैन आहारविधी जाणणारी, एक डॉक्टर आणि पंधरा-वीस मधुमेही आपल्या कुटुंबीयांसह सहा रविवार एकत्र बसले, की शाळा सुरू झाली. चातुर्मासापूर्वी एक वर्ग आणि दर सहा महिन्यांनी उजळणी, एवढा नियम ठेवावा. कोणाचे औषध आपल्या मताने बंद करू नये किंवा बदलू नये. तो अधिकार डॉक्टरांचाच. ही शाळा औषधाची जागा घेणारी नाही, औषधाला साथ देणारी आहे.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत औषधदान आणि ज्ञानदान ही दोन्ही पुण्यकर्मे समाजाने निष्ठेने केली. या शाळेत ती दोन्ही एकाच आसनावर येतात. पुढील पर्युषणात एखाद्या घरी मध्यरात्री तपस्व्याला दरदरून घाम फुटला, तर त्याच्या सुनेला वा मुलाला काय करावयाचे ते ठाऊक असावे आणि तसे करताना त्यांचा हात थरथरू नये. सुवर्ण महोत्सवाच्या वर्षात एवढे साध्य झाले, तरी महोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.