‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका

आजचा विषय आजींच्या मांडीवरच्या नातवंडांचा आहे, आणि लहान मुलाच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द चालतो.

दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. पहिला अडीच वर्षांचा. अंगाने चांगला धडधाकट. हाक मारली तर वळून बघत नाही, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा वाजला की धावत येतो. आधी ‘आई’, ‘मम्म’ म्हणायचा, ते शब्दही आता गेले. खेळण्यातला ट्रॅक्टर चालवत नाही, उलटा करून नुसती चाकं फिरवत बसतो. काही हवं असेल तर बोट दाखवत नाही, आपला हात धरून फडताळापाशी ओढत नेतो. दारावरून वरात गेली की कानांवर हात दाबून रडतो. रोजची वाटी बदलली तर जेवत नाही.

दुसरा आठ वर्षांचा, तिसरीत शिकणारा. एका जागी बूड टेकत नाही. दुकानातून मीठ आणायला पाठवला तर वाटेत खेळायला लागतो आणि मीठ विसरून जातो. दर आठवड्याला पेन्सिल हरवते. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. वही अर्धी कोरी. मोबाईल हातात दिला की मात्र तासभर हलत नाही. मग सगळे म्हणतात, लक्ष आहे, पण अभ्यासातच नाही.

अशा मुलांबद्दल गावात तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘बोलेल उशिरा, त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ दोन, ‘वांड आहे, दोन फटके द्या.’ तीन, ‘आईनेच वळण लावलं नाही.’ आज आम्ही या तीन वाक्यांबद्दलच बोलणार आहोत.

आधी तिसरं वाक्य, कारण त्याने आईचं काळीज जळतं. पहिल्या मुलासारखी लक्षणं स्वमग्नतेची असू शकतात. तिलाच ऑटिझम म्हणतात. दुसऱ्यासारखी लक्षणं अतिचंचलतेची, म्हणजे एडीएचडीची असू शकतात. दोन्हींत मुलाच्या मेंदूची घडण जन्मापासून थोडी वेगळी असते. यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, आणि ती आईकडून येते तशी बापाकडूनही येते. ग्रहणात भाजी चिरली, कुणाची दृष्ट लागली, आई शेतावर जात राहिली, यांतल्या कशानेही हे होत नाही. एके काळी परदेशातले मोठे डॉक्टरसुद्धा म्हणत, आईने माया कमी केली म्हणून मूल असं झालं. पुढे ते साफ खोटं ठरलं. लसीमुळे ऑटिझम होतो अशीही एक अफवा आहे. ती १९९८ साली विलायतेत छापलेल्या एका लेखातून पसरली. तो लेख चुकीचा निघाला आणि २०१० मध्ये छापणाऱ्यांनीच मागे घेतला. तेव्हा बाळाची एकही लस चुकवू नका.

आता पहिलं वाक्य, ‘बोलेल उशिरा’. काही मुलं खरोखरच उशिरा बोलतात आणि पुढे छान चालतात. पण आपलं मूल त्यांतलं आहे की नाही, हे घरात बसून कळत नाही, तपासूनच कळतं. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू फार झपाट्याने घडत असतो. त्या वयात मिळालेली मदत सगळ्यात जास्त लागू पडते. दोन वर्षं वाट बघण्यात गेली, तर तीच वर्षं हातची जातात.

मग काय बघायचं? आम्ही सावकाश सांगतो, ध्यानात ठेवा.

बाळ वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही. ‘बा-बा, दा-दा’ असे आवाज काढत नाही. टाटा करत नाही.

दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवत नाही. इथे जरा थांबू. मूल दोन कारणांनी बोट दाखवतं. एक, ‘मला ते दे’ म्हणून. दुसरं, ‘आई, ते बघ!’ म्हणून. आभाळातलं विमान, झाडावरचं माकड आपण बघावं म्हणून मूल बोट करतं आणि मग आपल्या तोंडाकडे बघतं. हे दुसरं बोट फार मोलाचं. ते दिसत नसेल तर लक्ष द्या.

दोन वर्षांचं झालं तरी ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडून बोलत नाही.

आणि वय कोणतंही असो, आलेले शब्द किंवा हसणं-खेळणं गेलं, तर एक दिवसही थांबू नका.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे ऑटिझमच आहे, असं मात्र नाही. कधी मुलाला ऐकूच कमी येत असतं. म्हणून कानांची तपासणी आधी होते. पुड्याचा आवाज ऐकून धावणाऱ्या मुलाचीही होते.

अतिचंचलतेचं थोडं वेगळं आहे. लहान मूल चंचल असायचंच. पण त्याच्या वयाच्या मुलांपेक्षा फारच जास्त, सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ, घरीही आणि शाळेतही, आणि त्यापायी शिकणं, मैत्री, सगळंच अडत असेल, तर तपासणी हवी. मोबाईलचं कोडंही इथेच सुटतं. या मुलाकडे लक्ष असतं, पण ते हवं तिथे नेणं आणि टिकवणं त्याला जमत नाही. मोबाईलवर क्षणाक्षणाला चित्र बदलतं, म्हणून तिथे डोळा खिळतो. मुलींकडे जास्त बारकाईने बघा. कित्येक मुली धुडगूस घालत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात. ‘गरीब आहे, डोकं नाही’ म्हणून त्यांची शाळा सुटते आणि कुणाला काही कळतही नाही.

म्हणून दुसरं वाक्य, ‘दोन फटके द्या’, हे उपयोगाचं नाही. ज्याला दिसत नाही त्याला मारून दिसायला लागत नाही, तसंच हे. फटक्याने मूल भितं, लपवायला शिकतं, पण त्याचं लक्ष टिकायला लागत नाही.

मग जायचं कुठे? पहिली पायरी घराजवळच आहे, आशाताई आणि अंगणवाडीताई. माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळाने काय करावं याची चित्रं असतात, ती त्यांच्यासोबत बघा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासायला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आपली शंका डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘हाक मारली तर बघत नाही.’ गरज वाटली तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात. पथकाची पाळी लांब असेल तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन चिठ्ठी मागा.

ऑटिझमवर गोळी नाही, अंगारा नाही, ‘महिन्यात बरं करतो’ म्हणणाऱ्याचं महागडं औषधही नाही. बोलणं, खेळणं, स्वतःचं स्वतः करणं शिकवणारी थेरपी आहे, आणि त्यातलं पुष्कळसं घरीच करायचं असतं. अतिचंचलतेला काही मुलांना औषध लागतं आणि त्याचा गुण येतो. ते तज्ज्ञ डॉक्टरांनीच द्यावं, आणि आपल्या मनाने बंद करू नये.

आता घरातलं. स्वमग्न मुलाशी बोलताना खाली बसा, त्याच्या तोंडासमोर या. छोटं वाक्य बोला, ‘पाणी पी’. मग थांबा, मनात पाचपर्यंत मोजा, त्याला वेळ द्या. तो चाक फिरवत असेल तर हिसकावू नका. शेजारी बसून आपणही फिरवा, ‘आता तुझी पाळी, आता माझी’. डोळ्यांत बघ म्हणून हनुवटी धरू नका. कुठे जायचं असेल तर आधी सांगा, एसटीचं चित्र दाखवा. मटार सोलणं, चमचे वेगळे करणं अशा कामांत सोबत घ्या.

चंचल मुलाला एका वेळी एकच काम सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. अभ्यास दहा मिनिटं, मग अंगणात एक फेरी, मग पुन्हा दहा मिनिटं. झोपेची वेळ ठरलेली. चांगलं वागला की लगेच तसं सांगा, कारण दिवसभर तो फक्त ओरडा खात असतो. बाईंना विनंती करा, त्याला पुढे बसवा, खडू आणायला त्यालाच पाठवा.

दाखल्याचंही ऐका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. दाखला ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नुसती अतिचंचलता त्या यादीत नाही, पण वाचन-लेखनाची अक्षमता आहे, आणि ती बऱ्याचदा सोबत असते. ‘शिक्का बसेल, बहिणीचं लग्न अडेल’ म्हणून कुणी दाखला काढत नाही. पण गावाने ‘वेडा’ हा शिक्का कधीच मारलेला असतो. दाखल्याने निदान हक्क तरी मिळतो. शाळेने ‘घेत नाही’ म्हटलं तर एकटीने परत फिरू नका, गटातल्या चारजणी सोबत न्या.

आणि हेच आमचं गटांना मागणं आहे. जगभरात साधारण शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल स्वमग्न असतं, आणि चंचलतेचा त्रास त्याहून जास्त मुलांना असतो. म्हणजे तुमच्या गावात अशी आई आहेच. ती बैठकीला येत नसेल, कारण मूल रडलं की सगळे तिच्याकडे बघतात. हळदीकुंकवालाही तिने जाणं सोडलं असेल. तिच्या घरी जा. ‘काय चुकलं गं तुझं’ विचारू नका, ‘मी दोन तास त्याला सांभाळते, तू झोप काढ’ म्हणा. जिल्ह्याला जायच्या दिवशी तिच्या म्हशीला वैरण घाला, एकजण सोबत जा. गटाच्या पैशातून गाडीभाडं उसनं द्या. थेरपी महिनोन्‌महिने चालते, आणि ती सुटते बहुतेक वेळा याच गोष्टींपायी.

पुढच्या बैठकीत गटातल्या प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांची आठवण करा. हाकेला वळतात का? बोट दाखवतात का? जे करत नाही त्याच्या आईला याच आठवड्यात आशाताईंकडे घेऊन जा.