आकाशातील बोली आणि आपण
(विद्यार्थी-पालकांच्या जोतिबा सहलीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण वाडी रत्नागिरीच्या, म्हणजेच जोतिबाच्या डोंगरावर जमलो आहोत. हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंच आहे. उजळाईवाडीचा आपला विमानतळ सुमारे २००० फुटांवर आहे. आता एक सोपे गणित करा. समजा, एक विमान ४००० फुटांवरून चालले आहे. विमानतळावर असताना त्याच्या खाली २००० फूट मोकळी जागा असते. तेच विमान आपल्या डोक्यावर आले की ती जेमतेम ९०० फूट उरते. विमान तर वर-खाली झालेले नाही! आपण दोन्हींना 'उंची'च म्हणतो. वैमानिकाला तसे म्हणून चालत नाही. समुद्रसपाटीपासून मोजतात ती 'अल्टिट्यूड', आणि जमिनीपासून मोजतात ती 'हाइट'. एका शब्दाला एकच अर्थ, हा या बोलीचा पहिला नियम.

दुसरा नियम स्पष्टतेचा. रेडिओच्या खरखरीत 'बी', 'डी', 'पी' ही अक्षरे सारखीच ऐकू येतात. आपण फोनवर 'क कमळातला' म्हणतो ना? तसेच वैमानिक 'ब्राव्हो', 'डेल्टा', 'पापा' म्हणतात. १९५६ पासून ही अक्षरमाला जगभर एकच आहे. भारतीय विमानांच्या नोंदणीची सुरुवातीची अक्षरे 'व्हीटी'. ती 'व्हिक्टर टँगो' अशी उच्चारतात.

तिसरा नियम मला शिक्षक म्हणून फार मोलाचा वाटतो. 'रॉजर' याचा अर्थ 'तुमचे बोलणे मला पूर्ण मिळाले', एवढाच. 'होय' म्हणायचे तर 'अफर्म', आणि 'समजले, तसे करतो' म्हणायचे तर 'विल्को'. नीट ऐकू आले नाही तर 'से अगेन', म्हणजे पुन्हा सांगा. शिवाय धावपट्टी, उंची अशा महत्त्वाच्या सूचना वैमानिकाने जशाच्या तशा परत म्हणून दाखवायच्या असतात. याला 'रीडबॅक' म्हणतात. नियंत्रक ते लक्षपूर्वक ऐकतो आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करतो.

एवढी काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, दाट धुक्यात, एका विमानातून 'आम्ही आता टेक-ऑफला आहोत' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य बोलले गेले. विमान धावू लागले होते. नियंत्रकाला वाटले, ते थांबून तयार उभे आहे. त्याच धावपट्टीवर दुसरे विमान होते. ५८३ माणसे गेली. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असे ठरले. एरवी 'डिपार्चर' म्हणायचे.

१२ नोव्हेंबर १९९६ ची गोष्ट तर आपल्या देशातली. दिल्लीहून निघालेले सौदी विमान वर चढत होते, कझाकस्तानचे विमान खाली उतरत होते. सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. कझाक विमान त्याहून खाली आले आणि हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन्ही विमाने आदळली. ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्यांत पोटासाठी आखातात निघालेले आपले कितीतरी बांधव होते. कझाक वैमानिकांचे अपुरे इंग्रजी हेही एक कारण चौकशीत नोंदले गेले.

मित्रहो, आपल्या बहुतेकांच्या घरी उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजी. इंग्रजी म्हटले की आपण बिचकतो. पण मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना जी भाषा-पातळी लागू झाली, ती सहा पायऱ्यांपैकी चौथी आहे. तिथे साहेबी उच्चाराची सक्ती नाही. समोरच्याला कळले पाहिजे आणि अडले तर विचारता आले पाहिजे. मेहनतीने ते आपल्याही मुलामुलींना साधेल.

वर्गात मी 'समजले का?' म्हणून विचारतो आणि साठ माना डोलतात. तो नुसता 'रॉजर' असतो! विद्यार्थ्यांनो, समजले नसेल तर हात वर करून 'सर, पुन्हा सांगा' म्हणा. त्यात कमीपणा नाही. शेकडो माणसांचे प्राण हाती असलेला वैमानिकही तेच म्हणतो. आणि पालकहो, डॉक्टरांनी गोळ्या किती आणि कधी घ्यायच्या ते सांगितले, किंवा बाहेरगावच्या नोकरीचा करार कोणी वाचून दाखविला, तर नुसती मान हलवून उठू नका. ऐकलेले आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. चूक असेल तर ती तिथेच कळेल आणि तिथेच सुधारेल.