विहिरीतले पाणी कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी पाककृतींवर बोलावे, अशी काहीजणींची अपेक्षा असेल. पण मी पाण्याविषयी बोलणार आहे. फाल्गुन सरला की विहिरीचा तळ प्रथम दिसतो तो आपल्यालाच.

आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर वसला आहे. हा अभंग दगड पाणी पीत नाही. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. आणि या भेगा शेताचा बांध ओळखत नाहीत. शेजारी खोल बोअर घेतली की कित्येकदा आपली विहीर आटते, आणि आपण नशिबाला बोल लावतो!

पाऊस अगदीच थोडा असतो असेही नाही. एका हेक्टरावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ४० लाख लिटर पाणी झाले. ते अडवून मुरवावे म्हणून समतल चर आणि नालाबांध घालतात. चर खणायला आपण हौसेने जातो. पण मुरलेले पाणी कोणी किती उपसायचे, हे विचारायला मात्र कोणी धजत नाही.

पुरंदर तालुक्यातील नायगावात हा प्रश्न विचारला गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने तेथे देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडाने घेतली, उतारावर बांध घातले, पाणी मुरवले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐकण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या संख्येने द्यायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. या पाण्यावर ऊस नाही. मला विशेष आवडले ते हे, की डोकी मोजताना घरातल्या बाईचे डोकेही मोजले जाते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पुढची पायरी गाठली. तेथे पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडतात. आधी माणसे व गुरे यांचे पिण्याचे पाणी, मग शेती. पाऊस कमी झाला तर दुसऱ्या पिकाचा हट्ट सोडतात. शेतीसाठी बोअर नाही; ऊस आणि केळीही नाहीत.

ऊस सोडायचा म्हणजे हातातला पैसा सोडायचा, हे मी जाणते. त्यावरून घरोघरी वाद होतील. म्हणून आरंभ लहान गोष्टीने करू. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यावी, अशी कायद्यातच तरतूद आहे. येत्या सभेत एवढेच मागू, की दसऱ्याला, संक्रांतीला आणि पाडव्याला गावातील प्रत्येक विहिरीत दोर सोडून पाणी मोजावे व आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. दोर मंडळ देईल; हातहाताच्या अंतरावर गाठी आपण मारू.