लेबलवर नुसतं 'पाखट'



'हल्ली ही माशांच्या पोटातले जंत मोजते' अशी माझी ओळख आत्ता करून दिली गेली. नोकरी अजून सॉफ्टवेअरचीच आहे! पण आपल्याच वर्गातली एकजण कोकणात प्राणिशास्त्र शिकवते. तिच्या कॉलेजातल्या जुन्या स्लाइडची संगणकावर नोंद करायचं काम दोन वर्षं रविवारी करते आहे, त्याबद्दल थोडं सांगते.

जेवणाआधीची शंका आधी मिटवू. मी सांगतेय ते कृमी माशाच्या आतड्यात राहतात आणि आतडी आपण फेकतो. नीट शिजलेलं कालवण खुशाल खा.

समुद्री माशांतले परजीवी चपटे कृमी ढोबळमानाने तीन तऱ्हांचे. कल्ल्यांना किंवा त्वचेला हुकांनी धरून बसणारे मोनोजीनिया, आयुष्याचा एक टप्पा गोगलगायीसारख्या प्राण्यात काढणारे डायजीनिया, आणि तोंड-आतडं काहीच नसलेले, त्वचेतूनच अन्न शोषणारे पट्टकृमी. आमच्या कपाटात मुख्यतः पाखटांतले पट्टकृमी आहेत, त्यातही अकॅन्थोबोथ्रियम ही प्रजाती. डोक्यावर चार पाकळ्या, प्रत्येक पाकळीवर दोन हूक आणि प्रत्येक हूक टोकाला दुभंगलेला. हे दिसलं की प्रजाती ठरली. खरी पंचाईत पुढे आहे, कारण तिच्यात सुमारे २०० जाती आहेत.

२००१ साली घोषरॉय आणि कायरा यांनी यावर एक सुटसुटीत युक्ती मांडली. चार प्रश्न विचारा. कृमी १५ मिलिमीटरपेक्षा लांब आहे का? खंड ५० हून जास्त आहेत का? एका खंडात वृषणं ८० पेक्षा जास्त आहेत का? अंडाशयाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का? चार हो-नाही, म्हणजे सोळा शक्यता. प्रोग्रामरला याहून गोड काय! २०० जातींशी ताडण्याऐवजी आपल्या गटातल्या मोजक्या जातींशी ताडायचं.

म्हणूनच 'फोटो काढ आणि एआयला विचार' हा सल्ला मला पटत नाही. वृषणं मोजायची तर कृमी रंगवून, पारदर्शक करून, कॅनडा बाल्समखाली बसवावा लागतो. बर्फात दोन दिवस राहिलेल्या माशातला कृमी इतका सडतो की मोजण्यासारखं काही उरत नाही. फॉर्मालिनमध्ये ठेवला तर पुढे डीएनए काढणं कठीण, त्यासाठी अल्कोहोल हवं.

आणि कृमी नीट ओळखला तरी तो कोणत्या माशातला? यातल्या बऱ्याच जाती एकाच जातीच्या पाखटात राहतात, त्यामुळे पोशिंद्याचं नाव चुकलं की कृमीचंही डळमळतं. २०१२ साली नेलर आणि सहकाऱ्यांनी मुशी-पाखटांच्या ४,२८३ नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा ५७४ जाती वेगळ्या पडल्या. एकाच नावाखाली दोन-तीन जाती लपल्याची उदाहरणं त्यात आहेत.

आमचा वाद इथेच झाला. एका अनुभवी गृहस्थांचं म्हणणं, जुनी नावं पुसून आजची मान्य नावं भरा, यादी स्वच्छ दिसेल. मी ठाम नकार दिला. लेबलवरची अक्षरं हा पुरावा आहे, आजचं नाव हे कुणाचं तरी मत आहे. दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवले. मतापुढे ते कुणी, कधी, कशावरून दिलं हेही लिहायचं. मत बदललं तर खाली नवी ओळ येते, आधीची तशीच राहते. मैत्रिणीने माझी बाजू घेतली, नाहीतर माझे रविवार तेव्हाच मोकळे झाले असते.

घाई मात्र आहे. बाल्सम पिवळा पडतोय, काही काचांच्या कडेने आत हवा शिरली आहे. आधी त्यांचेच फोटो घेतोय.

कित्येक लेबलांवर बंदर आणि तारीख आहे, पण मासा म्हणून नुसतं 'पाखट'. तिथे जातीचा रकाना आम्ही रिकामाच ठेवला आहे. तुमच्यापैकी ज्यांची घरं किनाऱ्याला आहेत त्यांनी एवढं करा: तुमच्या बंदरावर पाखटांचे कोणकोणते प्रकार, कोणत्या नावांनी ओळखतात ते जुन्या माणसांना विचारा आणि माशाच्या पाठीच्या व शेपटीच्या फोटोसह मला पाठवा. आपल्या बॅचचा ग्रुप आहेच, 'गुड मॉर्निंग'च्या फुलांमध्ये पाखटही खपून जाईल.