डोळ्यातली पाठराखीण



नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते, तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण जाते. नवरी बावरली तर तिला सावरायचं, एवढंच तिचं काम, संसार नवरीचा. आपल्या पेशींतही अशी प्रथिनं असतात. प्रत्येक प्रथिनाची साखळी ठरावीक घडीत बसावी लागते. घडी विस्कटली की साखळ्या एकमेकींत अडकून गुंता होतो. तो होऊ नये म्हणून झटणाऱ्या प्रथिनांना शास्त्रज्ञ शॅपरोन म्हणतात. मी त्यांना पाठराखीणच म्हणेन.

अशीच एक पाठराखीण डोळ्यात असते. आपल्या २१व्या गुणसूत्रावर ‘सीआरवायएए’ नावाचं जनुक आहे. त्याच्या आज्ञेनुसार १७३ अमिनो आम्लांचं अल्फा-ए क्रिस्टॅलिन तयार होतं, मुख्यतः डोळ्याच्या भिंगात. १९९२ साली अमेरिकेत जोसेफ हॉर्विट्झ यांनी भिंगातली इतर प्रथिनं तापवून पाहिली. ती गढूळ झाली. सोबत अल्फा-क्रिस्टॅलिन असताना मात्र द्रावण स्वच्छ राहिलं. अंडं तव्यावर फोडलं की त्यातला काचेसारखा भाग क्षणात पांढरा होतो ना? तोही विस्कटलेल्या प्रथिनांचा गुंताच. भिंगात तेच होऊ नये म्हणून ही पाठराखीण विस्कटू लागलेल्या प्रथिनाला धरून ठेवते.

आणि किती काळ! भिंगात रक्तवाहिनी नाही. प्रकाश अडू नये म्हणून तिथल्या आतल्या पेशी आपलं केंद्रकसुद्धा टाकून देतात. मग नवं प्रथिन कुठून येणार? गाभ्यातली प्रथिनं आपल्या जन्माआधीची, आणि ती शेवटपर्यंत पुरवायची. मला हे फार मोठं वाटतं. आजीच्या डोळ्यातला तो गाभा ती आईच्या पोटात असतानाचा आहे. वय वाढतं तशी मोकळी पाठराखीण संपत जाते, गुंते वाढतात, आणि पुढे मोतीबिंदू उतरतो.

काहींच्या नशिबी तो जन्मतःच येतो. सीआरवायएए जनुकातल्या एका बदलाने ११६व्या जागी अर्जिनिनऐवजी सिस्टीन बसतं, आणि आईकडून किंवा वडिलांकडून आलेली अशी एकच सदोष प्रत बाळाला मोतीबिंदू द्यायला पुरते. हे १९९८ साली प्रसिद्ध झालं. जन्मजात मोतीबिंदूची कारणं इतरही आहेत.

अशा बाळासाठी पहिले काही आठवडे मोलाचे असतात, कारण मेंदू तेव्हाच बघायला शिकत असतो. म्हणून आयांनो, आज्यांनो, बाळाच्या डोळ्यातल्या बाहुलीत पांढरट झाक दिसली, फोटोत एक डोळा पांढरा चमकला, तर ‘मोठं झालं की जाईल’ म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.